बोर्ड नसलेला खेळ

तो खोका पहिल्यांदा माझ्या टेबलावर आला तेव्हा परत पाठवण्याचं कारण म्हणून त्याच्यावर तीन शब्द होते : 'आत बोर्ड नाही.'

मी भिवंडीजवळच्या एका मोठ्या गोडाऊनमध्ये रिटर्न्सच्या विभागात काम करते. लोकांनी घरबसल्या मागवलेल्या आणि आवडल्या नाहीत, बसल्या नाहीत किंवा नुसतंच मन बदललं म्हणून परत पाठवलेल्या वस्तू आमच्याकडे येतात. पार्सल फोडायचं, आतला माल यादीशी ताडून बघायचा आणि ठरवायचं. धड असेल तर पुन्हा विक्रीला, थोडं खराब असेल तर बाजूच्या क्रेटमध्ये, कामातून गेलेलं असेल तर भंगारात. या कामात मला आठ वर्षं झाली. कुठला बूट पायात घालून दोन दिवस फिरवलाय आणि कुठला नुसता आरशासमोर घालून पाहिलाय, ते आता मला वासावरून कळतं.

खोक्याच्या झाकणावर चित्र होतं. चार माणसं कंदील घेऊन एका अंधाऱ्या दारासमोर उभी होती. वर इंग्रजीत 'स्टार्टर सेट' असं छापलेलं. यादीप्रमाणे आत दोन पुस्तिका हव्या होत्या, माणसांची माहिती छापलेले पाच कागद आणि सहा फासे. सगळं होतं. बोर्ड यादीतच नव्हता. मी 'धड' असा शिक्का मारून खोका पुढे पाठवला.

तीन आठवड्यांनी तो परत आला. या वेळी 'बोर्ड मिळाला नाही.' पुन्हा तपासला, पुन्हा पाठवला. तिसऱ्या वेळी कुणीतरी चिडून लिहिलं होतं, 'अपूर्ण माल. सोंगट्यासुद्धा नाहीत.' येण्याजाण्यात खोक्याचा एक कोपरा दबला होता, म्हणून तो क्रेटमध्ये गेला. क्रेटमधला माल अधूनमधून आम्हा कामगारांना स्वस्तात देतात. बाकीच्या बाया मिक्सर आणि चादरींवर तुटून पडल्या होत्या, मी तो खोका उचलला. बरोबर झाकण फाटलेला दुसरा एक खेळही घेतला. तीन घरांना ज्यात फसवणूक दिसली आणि ज्यातली एकही वस्तू कमी नव्हती, असा हा खेळ आहे तरी काय, एवढंच मला बघायचं होतं.

आम्ही कामतघरला राहतो. नवरा कापडाच्या लूमचा फिटर आहे. त्या आठवड्यात मी रोज जेवणं उरकल्यावर ती पुस्तिका घेऊन बसायचे. माझं इंग्रजी पार्सलवरच्या चिठ्ठ्या वाचण्यापुरतं. अडलेला शब्द फोनमध्ये बघत बघत पुढे जायचं. हळूहळू उलगडलं. एकाने गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी त्या गोष्टीतली एकेक माणूस व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. जमेल की नाही अशी शंका असेल तेव्हा फासा टाकायचा. याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. सगळं बोलण्यातच घडतं, म्हणून बोर्ड नाही.

पहिला प्रयोग नवऱ्यावर केला. रविवारी दुपारी त्याला समोर बसवलं आणि पहिल्या पानापासून नियम वाचायला लागले. कोणाचं बळ किती, चपळाई किती, कुठल्या हत्याराला कुठला फासा. पाऊण तास मी वाचत होते. तो माणूस हातात पाना असेल तर दिवसभर न बोलता बसेल, पण नुसतं ऐकायचं म्हटलं की त्याचे पाय हलायला लागतात. शेवटी मी पुस्तिका मिटली आणि म्हटलं, "आता तुझी पाळी."

"मी काय करायचं?"

"तू काय करतोस ते सांगायचं."

"चहा करतो," तो म्हणाला, आणि उठून खरंच चहा ठेवला.

मला तेव्हा राग आला होता. पण चहा पिता पिता लक्षात आलं, चूक माझीच होती. लुडो शिकवताना कुणी आधी पाऊण तास नियम वाचून दाखवतं का? सहा पडला की सोंगटी बाहेर, एवढं सांगतात आणि सुरू करतात.

गोडाऊनमध्ये दुपारी जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी असते. माझ्या टेबलावर दोघं ठरलेली. एक दिघाशीच्या काकी. पन्नाशीच्या आहेत, पॅकिंगला असतात. घरी भाताची शेती, ती काका बघतात, आणि काकी रोज अंबाडीच्या नाक्यावरून कंपनीची बस पकडून येतात. दुसरा आमचा फोर्कलिफ्ट चालवणारा. त्याचे वडील उत्तर प्रदेशातून लूमवर कामाला आले होते. हा जन्मला इथेच, त्यामुळे मराठी आणि हिंदी त्याच्या तोंडात एकाच वाक्यात नांदतात. त्याला सगळे भाई म्हणतात. जेवण झालं की दोघं आपापल्या मोबाइलवर लुडो खेळायची, समोरासमोर बसून, वेगवेगळ्या अनोळखी माणसांशी.

म्हणून आधी मी फाटक्या झाकणाचा तो दुसरा खेळ नेला. त्याला बोर्ड होता, सोंगट्याही होत्या. गंमत एवढीच, की त्यात सगळे खेळणारे एकाच बाजूला. मधोमध बेटावरचं एक गाव, चारी बाजूंनी पाणी चढतंय. सगळ्यांनी मिळून गावातली माणसं उंच गढीवर पोचवायची.

"मंग हरवाचं कोनाला?" काकींनी विचारलं.

"पाण्याला."

"पान्याला कोन हरवलंय आजवर?" त्या म्हणाल्या, पण सोंगटी उचलली.

पहिले तीन दिवस आम्ही बुडालो. भाई पहिल्या दिवशी सवयीने काकींच्या वाटेत आपली सोंगटी अडवून ठेवत होता. त्यांना अडवून आपलाच तोटा आहे, हे त्याला दुसऱ्या दिवशी पटलं. चौथ्या दिवशी भोंगा वाजायला दोन मिनिटं असताना शेवटचं माणूस गढीवर पोचलं. भाईने टेबलावर थाप मारली. काकी मात्र बोर्डाकडे निरखून बघत होत्या.

"ही खालची बाय," त्यांनी बोट ठेवलं, "हिला येवढा वळसा कशाला? गढीवरनं दोर सोडला असता तर सरळ वर आली असती."

"तसा नियम नाही, काकी."

"नियम नसंल. दोर तर चित्रात हाय." आणि खरंच, गढीच्या भिंतीला दोराचं एक वेटोळं टांगलेलं रंगवलं होतं. इतके दिवस माझ्या नजरेतून ते सुटलं होतं.

मी म्हटलं, "काकी, तो दोर वापरता येईल असाही एक खेळ आहे माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी मी स्टार्टर सेट नेला. नियमांचं नाव काढलं नाही. पाच माणसांचे पाच कागद टेबलावर ठेवले आणि म्हटलं, चित्र बघून आवडेल तो घ्या. काकींनी कुऱ्हाडवाला दांडगा योद्धा घेतला. "याचं पोट भरलेलं दिसतं. भरल्या पोटाचा मानूस लवकर भित न्हाय." भाईने जादूगार उचलला. "दिनभर माल उठाता हूँ, दीदी. हा नुसता हात हलवतो, मला हाच पायजे."

मग मी गोष्ट सुरू केली. "तुम्ही दोघं लांबून चालत एका गावाला आलात. नदी आहे, पण पात्र कोरडं. काठावर पाण्यावर चालणारी पिठाची गिरणी आहे. तिचं चाक थांबलंय. दार आतून बंद आहे. काय करता?"

भाईने फाशासाठी हात पुढे केला.

"फासा नंतर. आधी काय करतोस ते सांग."

"कुछ भी?"

"कुछ भी."

तो खूश झाला. "दरवाजा उडवून टाकतो."

काकींनी हातातला भाकरीचा तुकडा डब्यात ठेवला. "कोनाचं घर ते म्हाईत न्हाय, आन् दार उडवतोस? आधी हाक मार."

पुस्तिकेत त्या दाराआड चार लुटारू तलवारी घेऊन बसलेले होते. दार फोडलं की लढाई, अशी पुढची चार पानं मी रात्री घोकून आले होते. पण काकी थांबल्याच नाहीत. शेजारच्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी हाक दिली, "अगो, हाय का घरात कोनी? वाटसरू हाव. पानी मिळंल काय घोटभर?"

शेजारच्या दोन टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. मी पुस्तिकेची पानं उलटत होते. इतक्या सरळ हाकेला कुणी तलवारीने उत्तर देईल असं मलाच वाटेना. शेवटी मी पुस्तिका पालथी घातली आणि म्हटलं, "आतून बाईचा आवाज येतो. पाणीच तर नाही, म्हणते. आणि रडायला लागते."

"बघ," काकी भाईला म्हणाल्या. "उडवलं असतंस दार तिच्या आंगावर."

लुटारूंचे गिरणीतले कामगार झाले, भिऊन कडी लावून बसलेले. वर डोंगरात दगडी बोगदा आहे, तिथून नदीचं पाणी यायचं, पंधरा दिवसांपूर्वी अचानक थांबलं आणि बघायला गेलेली दोन माणसं परतली नाहीत, एवढं त्या बाईने सांगेपर्यंत भोंगा झाला. भाई फोर्कलिफ्टवर चढता चढता ओरडून विचारत होता, "दीदी, बोगदा कितना दूर है?"

मग रोज पंचवीस मिनिटं. मी घरी गेल्यावर नवराही बुटांचे बंद सोडता सोडता विचारायचा, "आलं का पाणी?" फाशांची ओळख लागेल तशी होत गेली. वीस बाजूंचा मोठा फासा काकींना फार आवडला. तो त्या डब्याच्या स्टीलच्या झाकणात टाकायच्या आणि त्याचा खणखणाट अख्ख्या कँटीनमध्ये जायचा. पंधरावीस दिवसांत आमच्या टेबलाभोवती उभ्याने जेवणारे जमायला लागले. एका दुपारी काकींना नेमका वीस पडला आणि सगळ्यांनी एकच आरडाओरडा केला. तेवढ्यात गर्दीतून एक हात आला आणि त्याने झाकणातला फासा उचलला.

तो हात सिक्युरिटीच्या मुख्य साहेबांचा होता. ते इथल्याच खाडीकाठच्या शेतकरी घरातले. आमचं गोडाऊन ज्या जमिनीवर उभं आहे त्यातला एक तुकडा त्यांच्या आजोबांनी कसलेला. त्यांना सगळे दादा म्हणतात, मॅनेजरसुद्धा. त्यांनी सहाही फासे रुमालात बांधले. "गोडाऊनात जुगार चालणार नाय. उद्या तिघं केबिनमध्ये या."

भाईला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मलाही नोकरीची काळजी वाटायला लागली. फासे म्हटले की जुगार, हे मला आधीच सुचायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं केबिनमध्ये उभे राहिलो. दादांनी फासे टेबलावर मांडून ठेवले होते.

"पैसे कोणाकडे जमा होतात?"

"पैसे नाहीत, दादा," मी म्हटलं.

"पैशाशिवाय फासे? बरं. जिंकतो कोण?"

"कोणीच नाही."

"मग हरतो कोण?"

"तसं कोणी हरतही नाही."

"जिंकत नाय, हरत नाय, मग एवढी माणसं ओरडतात कशाला?"

काकींनी पदर खोचला. "दादा, आइका. आमची गिरनी बंद पडलीया." आणि त्यांनी सुरुवातीपासून सगळं सांगितलं. कोरडी नदी, रडणारी बाई, डोंगरातला बोगदा, बोगद्याच्या तोंडाशी सापडलेली एक चप्पल. गोष्ट मी सांगितलेली, पण माझ्या तोंडून ती इतकी चांगली कधीच निघाली नव्हती. दादा आधी घड्याळाकडे बघत होते, मग खुर्चीत मागे टेकले.

"पाणी वरून अडलंय की खालून?" त्यांनी मधेच विचारलं.

ते आम्ही विचारलंच नव्हतं.

"आमच्या खारीत, खाडीकाठच्या शेतात, उघाडी असते," दादा म्हणाले. "भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला दरवाजा. फळी वर केली की पाणी जातं, खाली केली की अडतं. तिच्यात गाळ बसला तर चार चार माणसं लागतात फळी उचलायला. तुमच्या बोगद्यालापण तशी फळी असणार. बघितली का कोणी?"

"न्हाय बगितली," काकी म्हणाल्या.

"मग आधी ती बघा. पुढे कुठे चाललात?" एवढं बोलून त्यांना आपण कशासाठी बसलोय ते आठवलं असावं. चेहरा पुन्हा कडक करून ते म्हणाले, "मॅनेजरला विचारून सांगतो. तोवर फासे इथेच राहतील."

आठवडाभर फासे तिथेच राहिले. तेवढ्यापुरत्या मी एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या केल्या आणि काकींच्या रिकाम्या डब्यातून उचलायच्या असं ठरवलं. काकींचा योद्धा एकाएकी भलताच पराक्रमी झाला. तीन दिवसांत चारदा वीस. चौथ्या दिवशी भाईने डबा उजेडाकडे धरला, तेव्हा वीसच्या चिठ्ठीला लोणच्याच्या तेलाचा डाग पडलेला दिसला.

"काकी, ये चीटिंग है."

"डब्याने केली," काकी म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

सोमवारी दादा स्वतः फासे घेऊन आले. परवानगी मिळाली होती. अटी दोन, केबिनच्या काचेसमोरचं टेबल आणि ओरडणं बंद. फासे देऊनही ते गेले नाहीत, चहाचा कप घेऊन आमच्या मागे उभे राहिले. "मी खेळत नाय," ते म्हणाले. दोन दिवस ते मागे उभं राहून आम्हाला काय चुकतंय ते सांगत होते. तिसऱ्या दिवशी काकींनी बाकावर सरकून जागा केली.

मी उरलेले तीन कागद त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ढालवाला एक माणूस निवडला, कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "याचं गाव कुठलं?"

"ते लिहिलेलं नाही, दादा."

"गाव नाय? मग हा बोलणार कोणाच्या जिवावर?" खिशातलं पेन काढून त्यांनी आधी त्याचं गाव लिहिलं, मग बापाचं नाव, मग शेताची चतुःसीमा. ते बघून काकींनी आणि भाईनेही आपापले कागद मागून घेतले. मला ही गोष्ट पुस्तिकेत कुठेच सापडली नव्हती. आता नव्या माणसाला शिकवताना मी सगळ्यात आधी गाव विचारते.

एक दुपार तेवढी वाईट गेली. बोगद्यात अंधार होता आणि भाईचा जादूगार हातात उजेड घेऊन सगळ्यांच्या पुढे चालला होता. पायाखाली खोल कुंड होतं. भाईला एक पडला आणि जादूगार कुंडात कोसळला. नियमाप्रमाणे वाचण्यासाठी तीन संधी होत्या. त्याने तीनदा फासा टाकला, तिन्ही वेळा खालचा आकडा पडला. खोटं बोलून त्याला वाचवावं असं वाटत होतं, पण फासा सगळ्यांसमोर झाकणात पडलेला होता.

"गेला?" भाईने विचारलं.

"गेला."

त्याने तो कागद चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि उठून गेला. दुसऱ्या दिवशी तो पलीकडच्या टेबलावर पाठमोरा बसला. मला वाटलं, संपलं आता. चांगला चाळिशीचा, दोन मुलांचा बाप, पण त्याला वाईट वाटलं होतं आणि वाईट वाटल्याची लाजही वाटत होती. मी जायला कचरत होते. काकी गेल्या.

"मयताला आला न्हाईस?"

"किसके?"

"तुझ्याच."

भाईला हसू फुटलं. काकी त्याला हाताला धरून घेऊन आल्या. मग आमच्या योद्ध्याने आणि ढालवाल्याने जादूगाराला कुंडातून वर काढलं, बोगद्याच्या तोंडाशी दगडांखाली ठेवलं. काकींनी सांगितलं, प्रत्येकाने त्याच्याबद्दल एक एक चांगलं बोलायचं. काकी म्हणाल्या, "दार उडवतो म्हनला, पन उडवलं न्हाय. सांगितलेलं आयकनारा होता." मी म्हटलं, त्याने कुणाला ओझं उचलायला लावलं नाही. दादा कप खाली ठेवून म्हणाले, "अंधारात पुढे चालायला कोणी तयार नसतं. तो चालला."

भाई हे सगळं समोर बसून ऐकत होता. त्याने नाक पुसलं आणि उरलेल्या कागदांतला एक ओढून घेतला. "हा त्याचा छोटा भाऊ. ढूँढने आया है."

गोष्ट शेवटाला आली आणि काकींची शिफ्ट बदलली. त्या दुपारपाळीला गेल्या, त्यामुळे आमची जेवणाची सुट्टी त्यांच्या ड्युटीच्या वेळेशी जुळेना. त्यांच्याशिवाय पुढे जायचं नाही, यावर भाई आणि दादा ठाम. शेवटी काकींचाच निरोप आला, रविवारी सगळे दिघाशीला या, जेवायलाच या.

दादांच्या गाडीतून आम्ही गेलो. अंबाडीला थांबून भाईने काकींसाठी जिलेबी घेतली. काकींच्या घरी पोचलो तर ओटीवर दहाबारा बाया चटयांवर बसलेल्या. मला वाटलं घरात काही कार्य आहे.

"न्हाय ओ," काकी म्हणाल्या. "या गिरनीसाठी आल्यात."

शिफ्ट बदलेपर्यंत काकी रोज संध्याकाळी नळावर गोष्टीचा पुढचा भाग सांगत होत्या. सगळ्या गावाला बोगदा माहीत होता. काका दाराशी वाल सोलत बसले होते. मी चुकून गिरणीवालीला दोन मुलं म्हटलं, तेव्हा त्यांनी मान वर न करता "तीन" अशी दुरुस्ती केली.

जेवणं झाली आणि मी सुरू केलं. बोगद्याच्या शेवटी दादांनी सांगितलेली फळी होती, गाळात रुतलेली. आणि फळीसमोर वेटोळं घालून एक प्रचंड जनावर बसलं होतं, सापासारखं, पण चार पायांचं. पुस्तिकेत लिहिलं होतं की त्याला मारायचं. मी ते बोलले नाही. आता मला सवय झाली होती.

"बसलंय की झोपलंय?" दादांनी विचारलं.

"बसलंय. हलत नाही. खाली काहीतरी पांढरं दिसतं."

ओटीवरून तीन बाया एकदम म्हणाल्या, "अंडी." मग कुणाला फाशाची गरज राहिली नाही, चर्चाच सुरू झाली. अंड्यावरची कोंबडी उठवायची कशी, हे तिथे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. उजेड कमी करा. तिच्याकडे बघू नका. अंडी आधी हलवा, ती मागून आपोआप येईल. कुणीतरी पाटीत गवत अंथरायला सांगितलं. काकींच्या योद्ध्याने कुऱ्हाड भिंतीला टेकवली आणि डोक्यावर पाटी घेऊन पाच खेपा केल्या, खेपेला एक अंडं. दर खेपेला फासा पडायचा आणि सगळी ओटी पुढे वाकायची. पाचव्या खेपेला ते जनावर उठलं आणि पाटीमागून मुकाट्याने बाहेर, डोंगरातल्या उन्हात गेलं.

आता फळी राहिली. ती दादांनी उचलायची होती, निदान बारा हवे होते. दादांनी फासा हातात बराच वेळ घोळवला. चार पडले.

"फळी मधोमध मोडली," मी म्हटलं. "पंधरा दिवसांचं पाणी एकदम सुटलं."

तिघंही कडेच्या खोबणीत चढून वाचले, पण पाणी गावात पोचलं ते लोंढ्यासारखं. माणसं आधीच उंचावर होती, निघतानाच काकींनी त्यांना वर जायला सांगितलं होतं. गिरणीचं चाक मात्र वाहून गेलं आणि भिंतही अर्धी ढासळली. दादांचा चेहरा खऱ्या उघाडीची फळी मोडल्यासारखा झाला होता.

काकांनी वालाच्या साली सुपातून खाली झटकल्या. "नदीला पानी आलं ना? मंग झालं तर."

मी पुस्तिका मिटली आणि सांगितलं की गोष्ट इथे संपली. हा सुरुवातीचा खोका आहे, यात एवढंच आहे.

"आसं कसं संपलं?" कडेला बसलेली एक म्हातारी बाई म्हणाली. "गिरनी कोन बांधनार?"

"पुस्तकात नाही ते, आजी."

"पुस्तक संपलं म्हनून गाव संपलं काय?" काकींनी विचारलं.

मग त्यांनीच सुरुवात केली. लाकूड डोंगरातून आणायचं, ओढायला भाईचा नवा जादूगार. बघायला गेलेल्या त्या दोन माणसांचा माग काढायला काकींचा योद्धा. भिंत दादांच्या माणसाने बांधायची, फळी त्याच्याच हातून मोडली होती. पाच अंड्यांवर लक्ष ठेवायला आळीपाळीने दोन दोन बाया. गिरणी उभी राहीपर्यंत दळणाचं काय, यावर जोरात वाद झाला. एकीने जातं काढायला सांगितलं, दुसरीने विचारलं, सगळ्या गावाचं दळण एका जात्यावर कोण दळणार, तू? दादांनी उघाडीची नवी फळी कशी बसवायची ते काकांच्या सुपावर बोटाने काढून दाखवलं. मी एका कागदाची पाठकोरी बाजू वर केली आणि कुणी काय करायचं ते सांगतील तसं लिहून घ्यायला लागले.